पट्टीवरचा मासा

शीरताई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी हाताकडे. ही सवय फार जुनी. लग्नाआधी नवरा पहिल्यांदा भेटायला आला, आणि आईनं आतल्या खोलीत बोलावून हळूच विचारलं, "कसा वाटला गं?" तेव्हा यांच्या तोंडून निघून गेलं, "शिरा छान आहेत." आईनं कपाळाला हात लावला. तरी लग्न झालं, टिकलंही. नवरा घड्याळं दुरुस्त करतो, कमी बोलतो, आणि तीस वर्षांत त्याला सुई टोचायची वेळ एकदाही आलेली नाही. ताईंना याचं समाधान आहे, आणि मनाच्या एका कोपऱ्यात थोडं वाईटही वाटतं. एवढ्या चांगल्या शिरा, वायाच गेल्या म्हणायच्या.

त्यांचं खरं नाव हजेरीच्या मस्टरला ठाऊक आहे. बाकी सगळं हॉस्पिटल त्यांना शीरताई म्हणतं. दोन महिन्यांचं बाळ असो, नव्वदीची आजी असो, अंगाला सूज येऊन हाताची उशी झालेला माणूस असो, जिथं चार जणांनी टोचटोच करून हात टेकले तिथं पाचव्या खेपेला ताईंना बोलावणं जायचं. त्या यायच्या, चष्मा काढून खिशात ठेवायच्या, रुग्णाचा हात मांडीवर घ्यायच्या आणि मधल्या बोटानं दार ठोठावावं तसं कातडीवर हलकं ठोठावायच्या. मग म्हणायच्या, "आहे घरात."

चष्मा काढायचं कारण असं, की ही सगळी विद्याच चष्म्याच्या चोरीतून आली. शिकाऊ असताना त्यांना लांबचं सोडा, जवळचंही धूसर दिसायचं. चष्मा लावला तर नर्सिंगमधून काढून टाकतील, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. म्हणून वर्षभर त्यांनी शिरा डोळ्यांनी शोधल्याच नाहीत, बोटानं शोधल्या. पुढं समजलं की मेट्रनबाईंचाच चष्मा सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा होता. पण तोवर बोटाला डोळे फुटले होते.

तिसऱ्या मजल्यावरचा हृदयाचा वॉर्ड हे ताईंचं राज्य. चोवीस कॉटा, दाराशी स्टूल टाकून बसलेले वॉचमनकाका, एक चाक रुसलेली औषधांची गाडी. इथं येणारी माणसं बहुतेक पिकल्या वयाची. पण अधूनमधून तरणी पोरंही यायची, अंगात ताप, गालफडं बसलेली, आणि हातांवर काळ्या रेघा. वॉर्डात त्यांना 'सुईवाले' म्हणत. नशेची पावडर पाण्यात कालवायची, असेल त्या सुईनं शिरेत सोडायची. सुईबरोबर जंतू रक्तात जातो आणि थेट हृदयाच्या झडपेवर बिऱ्हाड करतो. झडप म्हणजे हृदयाचं दार. त्या दारावर जंतूंच्या गाठी धरल्या की दार नीट लागत नाही, आणि गाठीचा एखादा कपटा सुटला तर रक्ताबरोबर वाहत कुठंही जाऊन अडकतो, मेंदूतसुद्धा. उपाय एकच. शिरेतून औषध, रोज, सहा आठवडे. बेचाळीस दिवसांत एकही खाडा चालत नाही. आणि औषध द्यायचं शिरेतून, तर त्या पोरांच्या शिराच संपलेल्या. म्हणजे घराला आग लागलेली आणि विहीर आधीच आटलेली.

वायरमन आला तो असा. वय तेहेतीस. दोन वर्षांपूर्वी याच आजारानं त्याची डावीकडची झडप खाल्ली होती, तेव्हा नवी बसवली. आता जंतू नव्या झडपेवर बसले होते. खाली तीन डॉक्टरांनी अर्धा तास खटपट केली, त्यांना शीर मिळाली नाही, म्हणून शीरताई गेल्या. त्यांनी हात मांडीवर घेतला, ठोठावलं, दुसरा हात घेतला, ठोठावलं. कुणी घरात नव्हतं. तो तापानं फणफणलेला, तरी मिस्किलपणे बघत होता.

"ताई, मेन लाइन जळालीय," तो म्हणाला. "आतली फिटिंगही गेली. मी स्वतः वायरमन आहे, खोटं सांगणार नाही." मग त्यानं डाव्या हाताचा अंगठा पुढं केला. "ही एक आहे. हिला मी कधी हात लावला नाही."

अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या वर, एक बारीकशी शीर होती. नवी कोरी.

"ही का सोडलीस?"

"सगळ्या घराचे फ्यूज उडाले तरी मीटरपाशी एक जागा चालू असते. तेवढी ठेवावी माणसानं."

त्या शिरेतून रक्त तपासायला गेलं, त्याच शिरेतून पहिलं औषध गेलं. सुईवर पट्टी चिकटवताना ताईंनी दम दिला, "आजपासून ही शीर माझी. तू हात लावायचा नाही." तो म्हणाला, "लिहून देऊ का?" ताई म्हणाल्या, तुझ्या लिहिण्याला कोण विचारतो, तोंडानं सांग. त्यानं तोंडानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दंडातून थेट छातीपर्यंत जाणारी लांब नळी बसवली. ती एकदा बसली की सहा आठवडे टोचायला नको. पण सुईवाल्याच्या दंडात अशी नळी ठेवायची म्हणजे चोराला तिजोरीसमोर झोपवायचं, असं सगळ्यांचं मत. कुणी त्या नळीतून पावडर सोडली तर जंतू पुन्हा आत, तेही बँडबाजा लावून. म्हणून अशा रुग्णाला घरी सोडत नसत, वॉर्डाबाहेरही जाऊ देत नसत. आणि यावर ताईंची स्वतःची एक रीत होती. सकाळी आठला औषध लावायचं, तासाभरानं संपलं की नळीच्या झाकणावर पांढरी चिकटपट्टी गुंडाळायची आणि पेनानं तिच्यावर मासा काढायचा. डोकं पट्टीवर, शेपूट खालच्या ड्रेसिंगवर. कुणी पट्टी उचकटून परत लावली तर डोक्याला शेपूट जुळायची नाही. इतर सिस्टर सही करत. सही कुणीही गिरवेल, मासा गिरवून दाखवा, असं ताईंचं म्हणणं.

नळी बसल्यापासून रोज सकाळी आठला दोघांचा हा कार्यक्रम ठरला. ताई विचारायच्या, "मासा?" आणि वायरमन दंड पुढं करून म्हणायचा, "जिवंत."

मोठे सर, म्हणजे झडपा बदलणारे सर्जन, तिसऱ्या दिवशी फेरीवर आले. त्यांनी वायरमनला उभ्या उभ्याच सांगितलं, बेचाळीस दिवस पुरे कर, रक्त स्वच्छ येऊ दे, मग नवीन झडपेचं बघू. मध्ये पळालास तर पुन्हा माझ्या दारात यायचं नाही. सर तोंडाचे फटकळ, पण हाताचे देव, आणि त्यांनी एकदा नाही म्हटलं की ती रेघ दगडावरची. म्हणजे वायरमनचा सगळा जीव बेचाळीस या आकड्यावर टांगलेला. हे त्याला समजलं होतं, ताईंना समजलं होतं, आणि त्याच्या अक्काला तर सगळ्यांच्या आधी. अक्का त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. इस्त्रीचं दुकान चालवायची, आणि त्याचा शर्ट रोज कडक इस्त्री करून आणायची. आजारी माणसाला इस्त्रीचा शर्ट कशाला, असं वॉर्डातल्या मावशींनी विचारल्यावर म्हणाली, निदान वरून तरी सरळ दिसू दे.

आणि त्याच तिसऱ्या दिवशी, सरांची पाठ वळल्यावर, वायरमन पिशवी भरायला लागला.

पावडर बंद होऊन तीन दिवस झाले होते. त्याचं नाक वाहत होतं, अंगावर काटा उभा होता, पोटात पिळे पडत होते. पाय गादीवर ठरत नव्हते. ताई म्हणाल्या, अरे, आत्ता सर काय सांगून गेले? मरशील.

"ताई, जीव वाचवायला मी थांबेन," तो म्हणाला. "हाडं थांबत नाहीत."

ताईंनी आजवर अशी सहा-सात पोरं जाताना बघितली होती. कुणी तिसऱ्या दिवशी, कुणी पाचव्या. वॉर्डात म्हणत, यांना जगायचंच नसतं. ताईही म्हणायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या डोक्यात आलं, की चोवीस कॉटांवर कुणाचं डोकं दुखलं तर आपण गोळी देतो. या एकाच दुखण्याला आपण उपदेश देतो.

गोळी होती. हॉस्पिटलच्याच आवारात, मागच्या बैठ्या इमारतीत व्यसनाचा विभाग होता. तिथं एक गोळी जिभेखाली ठेवायला देत. ती विरघळली की दिवसभर हाडं गप्प बसत. पण तिथला नियम असा, की रुग्णानं रोज स्वतः यायचं, दहा ते बाराच्या दरम्यान, आणि गोळी त्यांच्यासमोर विरघळवायची. बाहेर नेऊ द्यायची नाही. आणि वॉर्डाचा नियम असा, की नळीवाल्या रुग्णानं तपासणीखेरीज वॉर्डाबाहेर पाऊल ठेवायचं नाही. दोन्ही नियम शहाण्या माणसांनी केलेले. दोन्हींच्या मध्ये पन्नास पावलांचं अंगण होतं, आणि त्या अंगणात ही पोरं मरत होती. ताईंनी मेट्रनबाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, लेखी विचारा. लेखी विचारलं. उत्तर अजून यायचं आहे.

चौथ्या दिवशी साडेदहाला, म्हणजे आपल्या चहाच्या वेळेला, ताईंनी वायरमनला अक्कानं आणलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवायला सांगितला आणि त्याला घेऊन दाराशी आल्या.

"कुठं?" वॉचमनकाकांनी विचारलं.

"एक्स-रे," ताई म्हणाल्या.

पाचव्या दिवशी पुन्हा एक्स-रे. सहाव्या दिवशीही. आठवडाभरानं काका स्टुलावरून न उठताच विचारायला लागले, "आज कुठला भाग?" आणि ताई न हसता सांगायच्या, "आज गुडघा." कधी खांदा, कधी कंबर, एकदा तर अकलदाढ. खरोखर इतके एक्स-रे निघाले असते तर तो माणूस अंधारात कंदिलासारखा दिसला असता. काकांना सगळं कळत होतं. पण ताई बरोबर असल्या की त्यांच्या नियमाचं पोट भरायचं.

गोळीनं वायरमन माणसात आला. ताप उतरला, जेवायला लागला, आणि त्याचे हात शिवशिवायला लागले. पण चांगल्या कामासाठी. वॉर्डातला मधला पंखा सात वर्षं एकाच गतीनं फिरत होता, म्हणजे थंडीत न्यूमोनिया आणि उन्हाळ्यात नुसती हालचाल. वायरमननं एका हातानं रेग्युलेटर उघडून तो ताळ्यावर आणला. मग त्यानं कॉटांजवळच्या बंद पडलेल्या बेला दुरुस्त केल्या. ही मात्र चूक झाली. बेला नव्हत्या तेव्हा चोवीस रुग्ण समाधानी होते. बेला वाजायला लागल्यावर त्यांना एकदम तहान लागायला लागली, उशा टोचायला लागल्या. मावशी त्याला म्हणाल्या, "मेल्या, बरा होऊन जा लवकर, नाहीतर मीच ॲडमिट होते." तो ताईंना विचारून बेला पुन्हा बंद करायला निघाला होता.

अंगणातून येता-जाता तो बोलायचा. पावडर कशी लागली ते ताईंनी कधी विचारलं नाही, आणि त्यानंच सांगितलं ते अगदी साधं होतं. खांबावरून पडला, पाठ गेली, तीन महिने झोपून होता, बरोबरच्या एकानं दुखणं थांबवायचा उपाय आणून दिला. "दुखणं थांबलं," तो म्हणाला. "बाकी सगळंही थांबलं." मग लगेच म्हणाला की बरा झाल्यावर अक्काच्या दुकानात नवीन जोडणी करणार, इस्त्रीच्या प्लगमधून ठिणग्या उडतात.

एकोणतीस दिवस झाले. रक्त दोनदा तपासलं, दोन्ही वेळा स्वच्छ. मोठ्या सरांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि 'हं' म्हणाले. सरांच्या 'हं'ची किंमत ज्याला माहीत आहे त्यानं त्या दिवशी पेढे वाटले असते.

आणि त्या संध्याकाळी मेट्रनबाईंनी ताईंच्या हातात कागद ठेवला. चार दिवसांचं प्रशिक्षण, उद्यापासून, दुसऱ्या इमारतीत, हजेरी सक्तीची. विषय: नोंदी कशा ठेवाव्यात.

ताईंनी वॉर्डाची वही ओढली. ड्यूटी बदलताना एक सिस्टर दुसरीसाठी जे लिहून ठेवते ती वही. वायरमनच्या पंधरा नंबर कॉटसमोर त्यांनी असं सविस्तर लिहिलं की तसं आजवर कुणी लिहिलं नव्हतं. औषध आठ वाजता. तासाभरानं बंद. झाकणावर पांढरी पट्टी. पट्टीवर मासा काढणे, डोकं वर, शेपूट ड्रेसिंगवर. दुपारी दोनला व रात्री आठला मासा तपासणे. मासा तुटलेला दिसल्यास ताबडतोब डॉक्टरांना कळवणे. बाजूला नमुन्यादाखल मासाही काढला.

साडेदहाच्या गोळीचं काय लिहिणार? ती गोष्ट नियमाबाहेरची. लिहिली तर आपली मान आणि वॉचमनकाकांचं स्टूल, दोन्ही जाणार. ती त्यांनी तोंडी सांगितली, धाकट्या सिस्टरला. ती पोरगी विश्वासाची. म्हणाली, ताई, तुम्ही निर्धास्त जा.

तिसाव्या दिवशी धाकट्या सिस्टरनं त्याला नेलं. कुठला भाग, काकांनी विचारलं. ती नवखी, गोंधळून म्हणाली, "मेंदू." काका पोट धरून हसले.

एकतिसाव्या दिवशी खालच्या मजल्यावर माणसं कमी पडली म्हणून धाकट्या सिस्टरला सकाळी सातलाच दोन दिवसांसाठी तिकडे पाठवलं. तिच्या जागी भलतीच सिस्टर आली, दुसऱ्या वॉर्डातली, नेमस्त आणि कामसू. वायरमननं साडेदहाला तिला सांगितलं, मला गोळीला जायचंय. तिनं वही उघडली. वहीत माशाची अख्खी कहाणी होती, गोळीचा शब्द नव्हता. सुईवाला रुग्ण बाहेर जायला निमित्त काढतो, हे तिनं ऐकलं होतं. ती नाही म्हणाली. चुकीचं काय केलं बिचारीनं? वायरमन दाराशी गेला. काकांना म्हणाला, "काका, एक्स-रे." काकांनी इकडं तिकडं बघितलं. "ताई कुठंय?" त्यांनी विचारलं. ताई नव्हत्या. काका स्टुलावरून उठले आणि दारात आडवे आले.

तिकडं प्रशिक्षणात सगळ्यांचे फोन दाराशी टोपलीत ठेवायला लावले होते. शिकवणारे साहेब फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहीत होते, 'जे लिहिलेलं नाही, ते घडलेलंच नाही', आणि चाळीस सिस्टर ते वाक्य वहीत उतरवून घेत होत्या. ताईंनी तर खाली दोन रेघा मारल्या. संध्याकाळी टोपलीतून फोन उचलला तर अनोळखी नंबरावरून तीन वेळा कॉल येऊन गेलेला. कर्ज घ्या म्हणणारे असतील, असं म्हणून त्यांनी तो पर्समध्ये टाकला. तो नंबर वायरमनच्या शेजारच्या, सोळा नंबर कॉटवरच्या आजोबांचा होता.

बत्तिसाव्या दिवशी दुपारी, भेटायला येणाऱ्यांच्या गर्दीत, इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस वॉर्डातून बाहेर पडला. काकांना तो पाठमोरा दिसला, कुणाचा तरी नातेवाईक वाटला.

चौतिसाव्या दिवशी ताई कामावर आल्या तेव्हा पंधरा नंबरवर एक हेडमास्तर पेपर वाचत होते. वायरमन दंडातल्या नळीसकट गेला होता, आणि त्याबद्दल एक फॉर्म भरून झाला होता. त्यात रुग्ण एका ओळीत आणि नळी तीन ओळींत. ताईंनी वही उघडली. एकतीस: औषध दिलं, मासा काढला. बत्तीस: औषध दिलं, मासा काढला. दोनला तपासला, ठीक. त्यांनी जे जे लिहिलं होतं ते ते सगळं झालं होतं.

ड्यूटी संपल्यावर त्या अक्काच्या दुकानात गेल्या. अक्का उभी राहून इस्त्री करत होती आणि प्लगमधून ठिणग्या उडत होत्या. तो आला होता, ती म्हणाली, बत्तिसाव्या दिवशीच. अंगात कापरं भरलं होतं. पक्कड, टेस्टर आणि काळ्या टेपचं रीळ घेऊन गेला, ते विकायला नेलं असेल असं तिला वाटलं. "जाताना म्हणाला, ताईंना सांग, नळीला मी हात लावणार नाही." मग तिनं इस्त्री उभी करून विचारलं, "सिस्टर, तो परत आला तर घेतील ना?"

ताई म्हणाल्या, आला की तसाच घेऊन ये, मी बघते. पण बघणार काय होत्या? दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या सरांपुढं उभ्या राहिल्या. गोळीचं सगळं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं, एवढं नवलच. मग म्हणाले, "सिस्टर, मी झडप बसवतो. माणूस बसवता येत नाही मला." ताईंना वाटलं, म्हणावं, की माणूस तीस दिवस बसला होता, आम्ही उठवला. पण सरांच्या मागं पाच विद्यार्थी उभे होते, आणि पुढं अकरा रुग्ण.

मनातल्या मनात मात्र त्या मोजत राहिल्या. पस्तीस. छत्तीस. भाजी चिरताना, बसची वाट बघताना. नवऱ्यानं एकदा विचारलं, कसले आकडे पुटपुटतेस? म्हणाल्या, काही नाही. तो घड्याळवाला, एखादं घड्याळ बंद पडलेलं असूनही आत काहीतरी टिकटिकतं, हे त्याला ठाऊक. पुन्हा विचारलं नाही.

एक्केचाळिसाव्या दिवशी दुपारी बाराला खालून बोलावणं आलं. शीर सापडत नाहीये, शीरताईंना पाठवा.

जिना उतरतानाच त्यांना कळलं होतं. अक्का भिंतीला टेकून उभी होती. वायरमन आडवा पडलेला, अर्धा चेहरा खाली ओघळल्यासारखा, उजवा हात-पाय निर्जीव. झडपेवरचा कपटा सुटून मेंदूत गेला होता. ताप भट्टीसारखा. डोळे उघडे होते, आणि ते ताईंवर येऊन थांबले, पण जीभ हलेना.

ताईंनी चष्मा काढून खिशात ठेवला. शर्टाची बाही वर केली तर दंडावर पॉलिथिनची पिशवी गुंडाळलेली आणि तिच्यावर वायरमन लोकांची काळी टेप, एकावर एक, नेटकी, पाणी आत जाऊ नये अशी, उघड्यावरच्या तारेचा जोड बांधतात तशी. रीळ विकलं नव्हतं त्यानं. ताईंनी कात्रीनं ती कापली. आत पांढरी पट्टी होती. पट्टीवरचा मासा ताईंचा नव्हता. त्या कामसू सिस्टरनं काढलेला, मुळ्याला शेपूट लावल्यासारखा. पण डोक्याला शेपूट जुळत होती. नऊ दिवसांत त्याला कुणी हात लावला नव्हता.

नळी आतून केव्हाच गोठून बंद झाली होती. ती काही कामाची नव्हती.

मग ताईंनी त्याचा डावा हात मांडीवर घेतला आणि अंगठ्याच्या बुडाशी बोट ठेवलं. बोटाखाली दोरीसारखं कडक लागलं. चष्मा नसतानाही दिसत होतं: एकाशेजारी एक काळे ठिपके, नऊ दिवसांचे. त्यानं दोन शब्द दिले होते. हाडं थांबेनात तेव्हा त्यातला एक मोडावा लागला, आणि त्यानं शीर मोडली, नळी राखली. त्याला वाटलं असणार, नळी राखली म्हणजे उपचार राखला. कुणी शिकवलं होतं त्याला असं? रोज सकाळी आठला त्याला एकच गोष्ट विचारली जायची.

त्यांनी ठोठावलं. कोपर, मान, घोटा, पावलाची बोटं. डॉक्टर घाई करत होते. ताई ठोठावत राहिल्या.

"ताई, आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," ताई म्हणाल्या. नोकरीच्या बत्तीस वर्षांत, शिरेबाबत, हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारला.

डॉक्टरांनी मानेतून मोठी सुई घातली, औषध सुरू झालं. मोठे सर वरून खाली आले नाहीत, आणि आले असते तरी त्यांच्या हातांना आता काही करण्यासारखं नव्हतं. अक्कानं ताईंना एकच विचारलं, "नळीला हात लावला नव्हता ना त्यानं?" ताई म्हणाल्या, "नाही लावला." अक्का दोनदा मान हलवून पुन्हा भिंतीला टेकली. वायरमन बेचाळिसावा दिवस पुरा करून त्रेचाळिसाव्या दिवशी सकाळी गेला.

त्या दिवशी ताईंनी वॉर्डाची वही उघडली आणि चौथ्या दिवसापासूनचं सगळं लिहून काढलं. रोज साडेदहाला रुग्णाला गोळीसाठी मागच्या इमारतीत नेलं. नेणारी, मी. एक्स-रेचं खोटं सांगितलं. सांगणारी, मी. वॉचमनचा दोष नाही. खाली मस्टरवरचं पूर्ण नाव लिहिलं. मेट्रनबाई म्हणाल्या, अहो, हे आता कशाला? ताई म्हणाल्या, लिहिलं नाही तर घडलंच नाही म्हणतात, प्रशिक्षणात शिकवलंय.

मेमो आला. मग बदली. आता शीरताई तळमजल्यावर रक्त गोळा करायच्या खिडकीत बसतात. सकाळी उपाशी पोटी धडधाकट माणसं रांगेत येतात, दोरखंडासारख्या शिरा घेऊन, आणि टोचायच्या आधीच आई गं म्हणतात. बोट लावायचीही गरज पडत नाही; कुणीही टोचेल. साडेदहाला त्यांचा हात जरा थांबतो. पुढचा माणूस बाही वर करून तसाच उभा राहतो.

परवा वॉचमनकाका स्वतःची साखर तपासायला आले. हात पुढं करून बसले. कुठला भाग, असं आता ते विचारत नाहीत. ताईंनी रक्त काढलं, कापूस दाबून धरायला सांगितला. काका उठता उठता म्हणाले, मागच्या आठवड्यात तसलाच एक आला होता, पंचवीस-सव्वीसचा, झडपेचाच. पाचव्या दिवशी निघून गेला.

"नळी?" ताईंनी विचारलं.

"काढून घेतली आधी," काका म्हणाले. "सगळं नियमानं झालं."

ताईंनी रक्ताच्या नळीवर काकांचं नाव लिहिलं, ती स्टँडमध्ये उभी केली आणि पुढच्याला हाक मारली.